किटाळ

शिमगा उतरला की सड्यावरचं गवत
कागदासारखं वाजायला लागतं.
रात्री मतलई सुटतो, डोंगराकडून समुद्राकडे,
आणि मी अंथरुणात पडल्या पडल्या
नाकाने वारा तपासतो.

परवा पाचलच्या तिठ्यावर गेलो, इक्बाल मापारीकडे.
म्हटलं, जाळी दे. पोटमाळ्याच्या झरोक्यांना लावायची.
त्याने उंदराची काढली.
मी खिशातले तुरीचे दाणे तिच्यावर टाकले,
सगळे खाली गळले.
म्हटलं, दाणा अडला पाहिजे, वारा अडता कामा नये.
मग मच्छरांची ने.
ती नायलॉनची, वितळेल.
मग लोखंडाची.
ती दोन पावसाळ्यांत गंजेल. स्टीलची दे, बारीक.
तो हसला. काय धाकूदादा, माळ्यावर सोनं ठेवलंय?
पेंढा आहे, म्हटलं. सोडणं आहेत,
आणि पोराच्या दहावीपर्यंतच्या वह्या.

शेवंती रहाटेचं घर गेल्या साली
भिंतीकडून पेटलंच नव्हतं.
आम्ही वीस जण निरगुडीच्या डहाळ्या घेऊन
काजूंच्या रांगेपाशी वणवा झोडपत होतो.
निजवलाही होता.
कोणी तांब्याने पाणी पीत होतं,
कोणी भाजलेल्या पोटऱ्या बघत होतं,
तेव्हा आमच्या पाठीमागे
कौलांच्या फटींतून धूर येऊ लागला,
हळू, सकाळच्या चुलीचा येतो तसा.

वर, आढ्याखालच्या तिकोनी भिंतीत,
चार बोटांचा झरोका.
माळ्याला वारा लागावा म्हणून चिऱ्यात सोडलेला.
एक किटाळ त्यातून आत गेलं होतं,
पाकोळी जाते तसं, सवयीचं असल्यासारखं.
पेंढ्यात बसलं.
किती वेळ बसलं कोण जाणे.
आम्ही आगीकडे तोंड करून उभे होतो.

मग आग लागली कुठून याची चर्चा झाली,
देवळात, दुकानात, पाणवठ्यावर.
सखू सड्यावर शेळ्या चारतो, सखू विडी ओढतो.
झालं, सखूवर किटाळ आलं.
दोन्हींना आपल्याकडे शब्द एकच.
त्याने बावीस शेळ्या विकल्या,
आता चिपळूणला कुठल्याशा सोसायटीच्या दारात बसतो,
येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं वहीत लिहितो.

आदल्या संध्याकाळी मी तरवा भाजला होता.
विझवला होता. तीन हंडे पाणी ओतलं होतं.
तीन की दोन,
ते मी चौकशीतसुद्धा तीन सांगितलं
आणि आता मलाच आठवत नाही.

माझे झरोके रविवारी झाले.
पन्हळीतला पातेरा काढला,
पेंढा खळ्यापलीकडे हलवला.
सोमवारी शिडी घेऊन शेवंतीकडे गेलो.
माप आधीच घेतलं होतं, सुतळीने,
ती रेशनला गेली होती तेव्हा.
तिने खालून शिडी धरली.
चिऱ्याला भोक पाडताना लाल भुकटी
तिच्या केसांवर पडत होती, ती हलली नाही.
पैसे किती झाले?
इक्बालकडे तुकडा उरला होता, म्हटलं.

आत डोकावलो, नव्या वाशांच्या वासात.
माळा मोकळा. सूपसुद्धा नाही.
पेंढा कुठे ठेवतेस?
ठेवत नाही हो. वर आता काहीच ठेवत नाही.
मी चारही स्क्रू तरीही घट्ट केले.
एक जरा तिरका बसला, काढून परत बसवला.

उतरलो तर ती म्हणाली,
सखूचा नंबर आहे का तुमच्याकडे?
त्याचंही घर बंदच असतं,
झरोका तसाच उघडा आहे.

आहे, म्हटलं. आवाज जरा बसला होता, धुळीने.
शिडी खांद्यावर घेतली.
पिशवीत जाळीचा तुकडा होता,
वीतभर रुंद, हातभर लांब.
हा मात्र खराच उरला होता.